लॉनवर झेब्र्यासारखे पट्टे, आणि आता स्प्रेडरचं गेटपण अडकलंय

एडिसनकर
नमस्कार मंडळी. प्रश्न लॉनचा आहे, हसू नका. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत घर घेतलं, घराबरोबर साधारण ६,००० स्क्वेअर फूट गवत मिळालं, ते सांभाळायचं कसं हे काही कोणी दिलं नाही. शेजारच्या आजोबांचं लॉन म्हणजे गालिचा आणि आमचं म्हणजे एसटी स्टँडच्या मागचं मैदान. म्हणून गेल्या वर्षी एका मूव्हिंग सेलमधून २० डॉलरला खत टाकायचा ढकलता स्प्रेडर आणला, तोच तो, दोन चाकं, वर डबा, खाली गरगर फिरणारी चकती. खताच्या पोत्यावर चार-पाच कंपन्यांच्या स्प्रेडरचे सेटिंगचे आकडे होते पण माझं मॉडेल त्यात नव्हतं, मग अंदाजाने डायल १२ वर ठेवला. कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं की हा १० फूट फेकतो, म्हणून दर १० फुटांवर एक फेरी मारली, अर्ध्या तासात काम खलास, मी खूष.

आठ-दहा दिवसांनी वरच्या खिडकीतून खाली बघितलं तर लॉनवर झेब्रा! एक गडद हिरवा पट्टा, एक पिवळट पट्टा, परत गडद. आणि ड्राइव्हवेच्या कडेला जिथे जिथे मी वळायला थांबलो तिथे ताटाएवढे चार गोल जळून खाक. मुलगी म्हणाली बाबा यूएफओ उतरलं का.

त्यात भर म्हणजे हिवाळ्यात त्याच स्प्रेडरने ड्राइव्हवेवर बर्फ वितळवायचं मीठ टाकलं आणि तसाच गराजच्या कोपऱ्यात उभा केला, आत दोन मुठी मीठ तसंच. आता बाहेर काढला तर लिव्हर ओढून गेट हलत नाही आणि चाकं फिरतायत पण चकती मनात आलं तर फिरते नाहीतर नाही. पोतं आणून ठेवलंय, २४-०-१० (नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅश), ५० पौंडाचं. हा दुरुस्त होईल का की फेकून द्यावा, आणि झाला तर यावेळी पट्टे येऊ नयेत म्हणून नक्की काय करायचं? शेजारच्या आजोबांना विचारायची लाज वाटते, त्यांनी तो झेब्रा रोज बघितलाय.

टेक्सासचा_भाऊ
फेकून द्या हो. २० डॉलरचा स्प्रेडर आणि त्यात मीठ, त्याचं आयुष्य संपलं. मी दर तीन-चार वर्षांनी साधा प्लॅस्टिकचा नवीन आणतो, काही धुवत नाही पुसत नाही. आणि एवढं वजन-माप कोण करतं, पोत्यावरचा आकडा लावा आणि चाला. आमच्याकडे बर्मुडा गवत आहे, त्याला काय टाकाल ते खातं आणि पट्टे आले तरी दोन आठवड्यात पसरून भरून निघतं.

नट_बोल्ट
फेकू नका. मिठाने अडकलेलं गेट हा ह्या यंत्रातला सगळ्यात सोपा आजार आहे, मीठ पाण्यात विरघळतं.

आधी जोर लावणं बंद करा, लिव्हर ओढत बसलात तर केबल तुटेल नाहीतर ताणली जाईल. गेट म्हणजे काय तर डब्याच्या बुडाला खालून सरकणारा एक पत्रा किंवा प्लॅस्टिकची पट्टी, तिच्या आणि बुडाच्या मधल्या फटीत मीठ किंवा खत जातं, हवेतली ओल धरतं आणि दगड होतं. बर्फाच्या मिठात बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड असतं, ते तर हवेतून पाणी ओढूनच घेतं. स्प्रेडर गवतावर न्या, ड्राइव्हवेवर नाही कारण तिथलं पाणी सरळ रस्त्याच्या गटारात जातं, डब्यात कोमट पाणी ओता, अर्धा-पाऊण तास मुरू द्या, जुन्या टूथब्रशने खालून फट घासा, मग हाताने गेट थोडं थोडं मागे-पुढे करा. एकदा नाही जमलं तर परत पाणी. तरी नाही सुटलं तर दोन-तीन स्क्रूंवर ती पट्टी असते, काढा, तारेच्या ब्रशने गंज घासा, परत लावा. काढताना फोटो काढून ठेवा, लावताना कामाला येतो.

आता चकती. बहुतेक साध्या स्प्रेडरमध्ये दोन चाकांपैकी एकच चाक एक्सलला पिनने पक्कं असतं, दुसरं मोकळं फिरतं म्हणजे वळताना त्रास होत नाही. ती कॉटर पिन गळाली किंवा झिजून तुटली की चाक मजेत फिरतं आणि एक्सल जागेवर, मग चकती कशी फिरणार. आधी ती पिन बघा, हार्डवेअरच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळते. पिन शाबूत असेल तर डब्याखालची गिअरची डबी उघडा, आत दोन गिअर काटकोनात एकमेकात बसलेले असतात, दात झिजलेत का, उभ्या दांड्याची पिन सैल आहे का ते दिसेल. तिथेपण मीठ शिरलेलं असणार.

वंगणाचं नीट वाचा कारण इथे सगळे चुकतात. एक्सलच्या बुशना (दांडा ज्या नळीत फिरतो त्या) आणि गिअरना लिथियम ग्रीस. गेटला, चकतीला, डब्याला ग्रीस किंवा तेल अजिबात नाही, खताची धूळ त्यावर बसून पिठलं होतं आणि परत तेच अडकणं. तिथे सिलिकॉनचा स्प्रे, सुकणारा.

सगळं जोडल्यावर शून्य तपासा. डायल सगळ्यात कमी, लिव्हर बंद, डब्यात टॉर्च ठेवा आणि खालून बघा. उजेड दिसला म्हणजे गेट पूर्ण बंद होत नाहीये, केबलला घट्ट-सैल करायचा नट असतो तो फिरवा. मग पूर्ण उघडून बघा, भोकं दोन असोत की तीन, सगळी सारखी उघडतायत ना. हे नाही केलंत तर तुमच्या डायलवरचा १२ म्हणजे नक्की किती हे देवालाही माहीत नाही.

टेक्सासवाले भाऊ, तीन वर्षांनी नवीन आणणं ठीक आहे पण शेवटच्या वर्षी गेट अर्धवट बंद होत असतं आणि तुम्हाला कळत नाही, खत गळत असतं.

टेक्सासचा_भाऊ
बरोबर आहे, गेल्या वर्षी गराजपासून लॉनपर्यंत एक पांढरी रेघ पडली होती, रांगोळीची सुरुवात केल्यासारखी 😄

सातारकर_ओहायो
एडिसनकर, तुमच्या झेब्र्याचं कारण मशीन नाही, चालणं आहे. आमच्या घरी शेती, लहानपणी वडील युरिया हाताने फोकायचे, त्यांच्या पिकात कधी पट्टा दिसला नाही. ते काय करायचे तर ठरलेलं खत दोन पाट्यांत अर्धं अर्धं करायचे, एक पाटी उभी फोकायची, दुसरी आडवी. हातातून जे कमी-जास्त सुटलं ते एकमेकात झाकलं जायचं. तुमचा स्प्रेडर म्हणजे चाकावरचा फोकणारा हातच आहे. त्याचा भाऊबंद जो ड्रॉप स्प्रेडर तो तिफणीसारखा, सरळ खाली सोडतो, रेघ चुकली की उघडा पट्टा पडलाच, फोकणाऱ्याला थोडी तरी माफी असते.

आता १० फुटांचं बघा. १० फूट फेकतो म्हणजे दोन्ही बाजू मिळून, अगदी शेवटचा दाणा पडतो तिथपर्यंत. पण सगळीकडे सारखं पडत नाही, चाकांच्या आसपास भरपूर आणि कडेला जाईल तसं कमी कमी होत जातं, धान्याची रास असते ना तसा उतार. तुम्ही १० फुटांवर रांगा मारल्यात म्हणजे दोन राशींच्या पायथ्याला पायथा लावलात, मधे काय उरणार, पिवळा पट्टा. दोन फेऱ्या एवढ्या जवळ पाहिजेत की एकाचा उतार दुसऱ्याच्या उतारावर चढला पाहिजे. सोपा नियम हवा असेल तर फेकलेले दाणे मागच्या फेरीच्या चाकाच्या खुणेपर्यंत पोचले पाहिजेत.

नेमकं माप पाहिजे तर ताटं मांडा. एका ओळीत, चालायच्या दिशेला आडवी, फुटाफुटावर सारख्या आकाराचे ट्रे ठेवा, मधे चाकं जायला जागा सोडा, ट्रेत फडकं घाला नाहीतर दाणे टणाटण उडून बाहेर जातात. नेहमीच्या चालीने वरून एक-दोनदा चाला आणि प्रत्येक ट्रेतलं किचनच्या काट्यावर मोजा. मधल्याच्या निम्मं जिथे पडतं तो बिंदू डावीकडे शोधा, उजवीकडे शोधा, त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे तुमच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर. डावं-उजवं सारखं नसणार हे आधीच सांगतो, चकती एकाच दिशेला फिरते त्यामुळे एका बाजूला कल येतो, आणि दाणा बदलला की तोही बदलतो.

जळलेले गोल तर सरळ आहेत, गेट उघडं ठेवून थांबलात. आधी चालायला लागायचं मग लिव्हर ओढायचा, थांबायच्या आधी लिव्हर बंद. लॉनच्या दोन्ही टोकांना आधी एक एक आडवी फेरी मारून घ्या, वळायचं ते त्या पट्ट्यात, गेट बंद करून. आणि वेग एकच, नेहमीची ताशी ३ मैलांची चाल. वेग कमी झाला की चकती पण हळू फिरते, दाणा जवळ पडतो, म्हणजे अंतर आणि माप दोन्ही बिघडलं. मधेच फोन वाजला म्हणून रमतगमत चालायचं नाही.

डबा गवतावर भरू नका, ड्राइव्हवेवर ताडपत्री टाकून भरा, सांडलं तर झाडून परत पोत्यात. गवतावर सांडलं की पाचवा गोल.

मोगरावाली
सातारकर दादांनी सगळं सांगितलंच आहे, माझे दोन पैसे. दव असताना चालावं का नाही हे कोणी बोललं नाही. साधं खत किंवा क्रॅबग्रास नावाचं तण उगवूच नये म्हणून टाकतात ते प्री-इमर्जंट हे गवत कोरडं असताना टाकायचं म्हणजे दाणे पात्यांवर न चिकटता खाली मातीत जातात, मग वरून पाणी. पण ते वीड अँड फीड असतं ना, खत आणि तणाचं औषध एकत्र, त्याला उलट ओलं पान लागतं, औषध डँडेलायनसारख्या तणाच्या पानाला चिकटलं पाहिजे, ते कोरड्यात टाकलं की खताचे पैसे वसूल, औषधाचे पाण्यात. माझ्या नवऱ्याने तीन वर्षं भर दुपारी टाकलं आणि कंपनीला शिव्या दिल्या.

आणि त्या वीड अँड फीडवरूनच, चकती गवत आणि वाफा यात फरक करत नाही हो. आमच्या डेकच्या पायऱ्यांशी मोगरा आणि टोमॅटो होते, एका संध्याकाळी ते दाणे त्यात उडाले, टोमॅटोची पानं दोऱ्यासारखी वळली. कडेला चालताना बाजूचा अडसर असतो तो लावा, एक बाजू बंद होते. तुमच्यात नसेल तर वाफ्याकडचे तीन फूट सोडा आणि तेवढं हाताने.

एडिसनकर, न्यू जर्सीचे नियम माहीत आहेत ना? आम्ही ओहायोला यायच्या आधी तिकडेच होतो. २०११ चा कायदा आहे, नुसता दुकानदारांसाठी नाही, आपल्याला पण लागू.

एडिसनकर
कायदा?? खताला?

मोगरावाली
हो. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या बार्नेगॅट बे वगैरे पाण्यात खत वाहून जाऊन शेवाळं माजायला लागलं म्हणून केला. घरच्या माणसाने १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायचं नाही. एका वेळी १,००० स्क्वेअर फुटाला जास्तीत जास्त ०.९ पौंड नायट्रोजन, त्यातला लगेच विरघळणारा ०.७ च्या वर नाही, आणि वर्षाचं मिळून ३.२ पौंड. फॉस्फरस मातीची तपासणी करून कमी निघाला तरच, किंवा नवीन लॉन असेल तर, म्हणून तुमच्या पोत्यावर मधला आकडा ० आहे. ओढा तळं काही असेल तर २५ फूट लांब राहायचं, कडेचा अडसर लावलेला स्प्रेडर असेल तर १० फुटांपर्यंत जाता येतं. ड्राइव्हवेवर, फुटपाथवर उडालेलं झाडून परत गवतावर घ्यायचं, होजने धुवून द्यायचं नाही. तसंही ज्या खतात लोह असतं त्याचे दाणे काँक्रीटवर भिजले की तांबूस डाग पडतात आणि जात नाहीत, आमच्या जुन्या घराच्या पायवाटेवर अजून असतील.

मातीची तपासणी रटगर्स विद्यापीठाच्या लॅबमध्ये होते, एकदा करून घ्या, आमच्याकडे चुन्याची गरज निघाली होती आणि आम्ही नुसतं खत ओतत होतो.

सातारकर_ओहायो
मोगराताईंनी आकडा दिलाच आहे तर हिशोब करून टाकतो. २४-०-१० म्हणजे १०० पौंडात २४ पौंड नायट्रोजन. ०.९ पौंड पाहिजे तर ०.९ भागिले ०.२४ म्हणजे ३.७५ पौंड खत, दर १,००० स्क्वेअर फुटाला. तुमच्या ६,००० ला २२.५ पौंड. म्हणजे ५० पौंडाचं पोतं दोन वेळेला पुरून थोडं उरेल. एकदम सगळं पोतं संपवायची गरज नाही, ते बहुतेक लोक करतात.

उभं-आडवं करायचं म्हणजे प्रत्येक वेळी निम्मं, १.८७५ पौंड. ग्रॅममध्ये साधारण ८५० ग्रॅम दर १,००० ला. आता डायलचा आकडा शोधायचा. डब्यात मोजून दोन-तीन किलो खत घाला, ५० फूट टेपने मोजा, चाला, परत आलात की उरलेलं वजन करा. किती गेलं ते, आणि ५० गुणिले तुमचं फेऱ्यांमधलं अंतर एवढ्या जागेवर. त्यावरून कळेल डायल वर की खाली. पहिल्यांदा कमी आकड्यावरूनच सुरू करा, कमी पडलं तर परत टाकता येतं, जास्त पडलेलं उचलता येत नाही. चाचणी लॉनवरच करा पण तो पट्टा लक्षात ठेवा, तिथे खत पडलेलं आहे.

पोत्यावरचे आकडे खोटे नाहीत, पण ते नव्या मशीनचे, ठरलेल्या चालीचे. तुमचं मशीन कोणाच्या तरी गराजमधून आलंय, केबल ताणलेली, टायर झिजलेले, वर तुमची चाल वेगळी.

टेक्सासचा_भाऊ
एवढं मोजून आम्ही बासुंदीत साखर पण घालत नाही 🙏

एडिसनकर
अपडेट. शनिवारी सकाळी बसलो. गेट दुसऱ्या पाण्याला सुटलं, आतून मिठाचा जो चिखल निघाला तो बघून बायकोने फोटो काढला. चकतीचं दुखणं नट_बोल्ट म्हणाले तेच, डाव्या चाकाची पिन अर्धी तुटून आत लटकत होती, कधी पकडायची कधी सोडायची. नवीन टाकली, ग्रीस लावलं. टॉर्च लावून बघितलं तर डायल शून्यावर आणि गेट बंद असताना चांगली नखभर फट! म्हणजे गेल्या वर्षी मी वळताना बंद केलं असतं तरी गळतच होतं. नट फिरवून बसवलं.

मग ताटं. दिवाळीच्या पॉटलकचे ॲल्युमिनियमचे ट्रे गराजमध्ये पडून होतेच, १० मांडले, आत जुन्या टीशर्टचे तुकडे. शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले पार्टी कधी आहे. समजावून सांगितलं तर आत गेले आणि स्वतःचा टेप घेऊन आले.

मधल्याच्या निम्मं उजवीकडे ४ फुटांवर आलं आणि डावीकडे ३ फुटांवर. म्हणजे माझं अंतर ७ फूट, १० नाही. मग ५० गुणिले ७ म्हणजे ३५० स्क्वेअर फूट, तिथे सातारकरांच्या हिशोबाने साधारण ३०० ग्रॅम पडायला पाहिजे. तुम्ही कमीपासून सुरू करा म्हणाला होतात पण मला गेल्या वर्षीचा पराक्रम मोजायचाच होता म्हणून १२ लावला. ५२० ग्रॅम! मग ८ वर आणला तर २८५. पुढे नाही गेलो, ८ वरच उभं-आडवं पूर्ण केलं, हिशोबाने ०.८६ पौंड नायट्रोजन येतं, कायद्याच्या आत. १२ चा पट्टा एका फेरीतच जवळजवळ पूर्ण झाला होता म्हणून तिथे परत गेलो नाही, ८ च्या पट्ट्यावर एकदाच आडवा गेलो.

पण मजा बघा, रात्री बसून गेल्या वर्षीचं गणित केलं. ५२० ग्रॅम ५० फुटाला, पण फेऱ्या १० फुटांवर होत्या म्हणजे ५०० स्क्वेअर फूट, म्हणजे १,००० ला १,०४० ग्रॅम, २.३ पौंड खत, साधारण ०.५५ पौंड नायट्रोजन. मी वर्षभर समजत होतो की मी खताचा अतिरेक केला, आणि सरासरी बघितली तर कमीच पडलं होतं! नुसतं एका जागी जास्त आणि दुसरीकडे कोरडं. (गळणारं गेट धरलेलं नाही, आणि तेव्हा केबल अजून सैल होती, त्यामुळे आकडा थोडा इकडे तिकडे असेल.)

नट_बोल्ट
चांगलं काम केलंत. आता खरी परीक्षा, वापरून झाल्यावर धुतलात का?

एडिसनकर
😶 उद्या करणार होतो.

नट_बोल्ट
उद्या नाही, आज. उरलेलं खत पोत्यात परत, पोत्याचं तोंड घट्ट बांधून झाकणाच्या बादलीत. स्प्रेडर गवतावर नेऊन गेट पूर्ण उघडं ठेवून साध्या होजने धुवा, चकतीच्या पट्ट्यांवर खताचा थर राहू देऊ नका, थर बसला की दाणा सुटायची जागा बदलते आणि तुमचे ४ फूट-३ फूट परत बदलले. प्रेशर वॉशर बुशवर मारू नका, ग्रीस निघून जातं. तिरका करून पाणी काढा, उन्हात वाळवा, ठेवताना गेट उघडंच. भिंतीला टांगलात तर उत्तम. हवेचे टायर असतील तर दोन्हीत सारखी हवा ठेवा, नाहीतर मशीन एका बाजूला कलतं आणि चकतीपण.

आणि मिठाला वेगळा, हातात धरायचा छोटा घ्या. ह्याच्यात परत मीठ दिसलं तर मी धाग्यावर येणार नाही.

सातारकर_ओहायो
उजवं ४ डावं ३, याचं एक बघा, दांडा धरताना तुम्ही उचलून तर धरत नाही? चकती जमिनीला समांतर पाहिजे, उंच माणूस दांडा वर धरतो, बुटका खाली दाबतो, दोघांचा फेक वेगळा. माझ्या मुलाने ढकललं की पुढे पडतं, मी ढकललं की मागे. तरी एवढा कल चालतो, फक्त फेऱ्या जाऊन-येऊन मारा म्हणजे उजवा उजव्याला आणि डावा डाव्याला जोडला जातो, आडव्या फेरीत उरलेलं मिटतं.

मोगरावाली
सप्टेंबरला बी टाकणार असाल तर हेच सगळं परत करा, डायलचा ८ बीला चालणार नाही. आणि बी आणि खत एकत्र डब्यात घालू नका, खताचा दाणा जड, लांब जातो, बी हलकं, जवळ पडतं, डब्यातपण हलून हलून वेगळं होतं. फेस्क्यू गवताचं बी तर हवेवर पण जातं, वारा नसेल तेव्हाच. आमच्याकडे एका वर्षी शेजाऱ्याच्या फुलांच्या वाफ्यात उत्तम लॉन आलं होतं.

एडिसनकर
धुतला, उलटा करून उन्हात ठेवलाय. सातारकर, हो, मी ६ फूट १ इंच आहे आणि दांडा उचलूनच धरतो, पुढच्या वेळी दोन ट्रे ठेवून बघतो. आजोबा विचारत होते की ते ट्रे त्यांना मिळतील का, त्यांचा स्प्रेडर ३० वर्षं जुना आहे आणि त्यांनीपण कधी मोजलं नव्हतं म्हणे.